सांभरच्या मिठागरावरचं चार्जिंग

लाइट गेली तशी इमारतीतली मुलं गच्चीवर आली आणि उमाकांतकाकांच्या खाटेभोवती बसली. काका विमा कंपनीतून निवृत्त झालेले. बदली होऊन जयपूरला आले, ते इथे मानसरोवर वसाहतीतच राहून गेले.

"काका, भुताची गोष्ट सांगा ना. मतलब, खरीवाली," प्रणिता म्हणाली.

"भुताची आहे का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही," काका म्हणाले. "पण खरी आहे. ज्याच्यावर गुदरली त्यानेच मला सांगितली, आणि शेवटचा भाग मी या डोळ्यांनी पाहिला. मधे बोलायचं नाही."

संकल्पने मोबाइलची बॅटरी लावली होती. काकांनी ती बंद करायला लावली आणि सुरुवात केली.

तुमच्या वरच्या मजल्यावर, आता जिथे कुलूप आहे ना, तिथे श्रीपाद बर्वे राहायचा. बँकेत अधिकारी, मूळचा साताऱ्याचा. बायको मधुमती आणि म्हातारी आई, रमाबाई. माणूस वाईट नव्हता. सकाळी माझ्या दाराशी दुधाची पिशवी पडलेली दिसली तर उचलून आत देणारा. पण फोटोचं वेड भारी. नवा डिजिटल कॅमेरा घेतला होता आणि हिवाळा आला की सुट्टी टाकून पक्ष्यांच्या मागे जायचा. आपल्या जुन्या मारुती व्हॅनची मागची सीट काढून तिथे त्याने गादी टाकली होती. रानात वीज कुठली? म्हणून डॅशबोर्डाशी सिगारेट पेटवायचं सॉकेट बसवून घेतलं, त्यात एक छोटा इन्व्हर्टर. इन्व्हर्टरला एकच प्लग. त्यावर कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या चार्ज करायच्या. अधूनमधून इंजिन चालू ठेवायचं, नाहीतर गाडीचीच बॅटरी बसते आणि सकाळी धक्का मारायला रानात कोणी नसतं.

दोन हजार सातचा जानेवारी. शुक्रवारी संध्याकाळी तो सांभरला निघाला. सांभर म्हणजे ते खाऱ्या पाण्याचं तळं, इथून दीड-दोन तासांवर. तिथे रोहित पक्षी उतरलेत अशी खबर होती. मधुमती भावाकडे साताऱ्याला गेली होती, म्हणून घरी आई एकटी.

"जा रे तू," रमाबाई म्हणाल्या. "दोन दिवसांचा तर प्रश्न. मी आतून कडी घालून झोपेन. आणि तुझा नंबर मला पाठ आहे."

शनिवारी दिवसभर त्याने पोटभर फोटो काढले. थंडीत बॅटऱ्या लवकर उतरतात. संध्याकाळपर्यंत दोन्ही संपल्या. आणि खरी मजा रविवारी पहाटे होती. ऊन फुटताना हजारो पक्षी एकदम उठतात, त्या एका फोटोसाठी तर तो आला होता. सात वाजता त्याने आईला फोन केला. "जेवले, आता पडते," ती म्हणाली. मग तळ्याच्या बांधावर, जुन्या मिठागरापाशी त्याने व्हॅन उभी केली, पहिली बॅटरी चार्जिंगला लावली, इंजिन चालू ठेवलं आणि काचा वर करून पांघरुणात शिरला. चार्जरचा लाल दिवा तेवढा पेटलेला. बाहेर पौषातल्या वद्यातला अंधार. चंद्र पहाटेकडे उगवणार होता.

नऊ वाजून वीस मिनिटांनी काचेवर टकटक झाली.

त्याने काच चार बोटं खाली केली. बाहेर एक म्हातारी. अंगावर पोत्याचं घोंगटं, हातात मोबाइल आणि त्याची वायर. अगदी साधा मोबाइल, तेव्हा सगळ्यांकडे असायचा तसा.

"बेटा, इसे भी लगा दे. मेरे लड़के का फोन आने वाला है. अस्पताल में है."

श्रीपादने वायरची पिन पाहिली. त्याच्याच फोनची पिन. पण प्लग एकच होता, आणि पहिल्या बॅटरीला दीड तास, दुसरीला दीड तास.

"आगे गाँव में लगवा लो, माँजी."

"गाँव छह कोस है, बेटा."

ती हलेना. हात जोडून उभी. श्रीपादला थंडी वाजत होती, झोप येत होती आणि पहाटे उठायचं होतं. त्याने काय केलं असेल?

त्याने तिचा फोन घेतला.

वायरसकट आत घेतला, डॅशबोर्डवर ठेवला, वायरचं दुसरं टोक सीटखाली सरकवलं आणि म्हणाला, "लगा दिया."

पोरांनो, नाही म्हणाला असता तर ती दुसरीकडे कुठे गेली असती. हे त्याने मला सांगितलं तेव्हा माझ्याकडे बघत नव्हता. म्हणाला, "काका, मला फक्त तिचं बोलणं थांबवायचं होतं."

म्हातारीच्या तोंडावर इतका आनंद दिसला म्हणे. बाहेर चाकाला टेकून बसली. आतल्या माणसाशी चार शब्द बोलावे म्हणून विचारलं, "घर में कौन-कौन है?"

"माँ है. बीवी बाहर गई है."

"माँ अकेली है?"

"हाँ."

"फोन है उनके पास?"

"है."

"अच्छा है," ती म्हणाली. "फोन है तो फिकर नहीं."

त्याने काच वर केली.

नऊ चाळीसला टकटक. "हुआ, बेटा?"

"बस पाँच मिनट, माँजी."

थोड्या वेळाने पुन्हा. "हुआ?"

"बस पाँच मिनट, माँजी."

पुढे पुढे त्याने काच खाली करणंही सोडलं. आतूनच ओरडायचा. चार शब्द, तेच. ती प्रत्येक वेळी "अच्छा" म्हणून खाली बसायची. चाकापाशी खोकायची. एकदा तिने विचारलं, घंटी वाजली का? तो नाही म्हणाला. ती म्हणाली, "करता होगा. बार-बार करता होगा बेचारा."

पावणेअकराला पहिली बॅटरी भरली. दिवा हिरवा झाला. प्लग मोकळा होता. पाच मिनिटं… नुसती पाच मिनिटं तिचा फोन लावला असता तर तो चालू झाला असता. श्रीपादच्या मनात आलंही. पण मग वायर सीटखालून काढावी लागली असती, आणि ती काचेतून बघत होती. दीड तास आपण खोटं बोललो हे तिला दिसलं असतं. त्याने दुसरी बॅटरी लावली.

त्याचा स्वतःचा फोन उशाशी होता. निम्म्याहून जास्त चार्ज. रेंजच्या दोन काड्या. एकदाही वाजला नाही.

सव्वाबाराला दुसराही दिवा हिरवा झाला. त्याने इंजिन बंद केलं. एकदम सगळं गप्प झालं. मग त्याने काच खाली करून म्हातारीचा फोन तिच्या हातात दिला.

"हो गया, माँजी."

तिने बटण दाबलं. पडदा काळा. पुन्हा दाबलं.

"बत्ती नहीं जली, बेटा."

"ठंड है ना. थोड़ी देर में जलेगी."

ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. रागाने नाही. नुसती… बघत राहिली. मग फोन छातीशी धरला आणि वळली. बांधावरून नाही गेली. तळ्यात उतरली. त्या पांढऱ्या चिखलात. पाय रुतल्याचा आवाज यायला हवा होता…

नाही आला.

श्रीपादने काच लावून घेतली.

पहाटे पक्षी उठले. त्याने फोटो काढले. बॅटऱ्यांनी दगा दिला नाही. उन्हं वर आल्यावर रस्त्यावरच्या टपरीवर तो चहाला थांबला. टपरीवाला देवराम, तिथलाच माणूस. श्रीपादने सहज विषय काढला. बांधावर एक बाई राहते का? मुलगा इस्पितळात आहे तिचा?

देवरामने चहाचं भांडं खाली ठेवलं.

"पार्वती," तो म्हणाला. "मिठागरावर काम करायची. मुलगा तिकडे जयपूरला, सीतापुऱ्यात कारखान्यात. यंत्रात सापडला. इस्पितळातून आईला फोन करत होता आणि हिचा फोन उतरलेला. रात्रभर बांधावर उभी राहून गाड्या अडवत होती. चार्ज करून द्या म्हणून. कोणी थांबलं नाही. पोरगा सकाळी गेला. ही तिसऱ्या दिवशी तळ्यात सापडली."

"कधी?"

"गेल्याच्या गेल्या थंडीत."

श्रीपादच्या हातातला चहा निवून गेला. देवरामने विचारलं, "आपने लगा दिया था ना?"

"हाँ."

"फिर ठीक है," देवराम म्हणाला. "जो नहीं लगाते…"

आणि तो गिऱ्हाइकाला बिस्किटं द्यायला वळला.

श्रीपादने तिथूनच घरी फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज. व्हॅन त्याने कशी हाकली, त्यालाच ठाऊक.

तो दिवस संक्रांतीचा. जयपूरची संक्रांत तुम्हाला काय सांगू, आदल्या संध्याकाळपासून गच्चीगच्चीवर स्पीकर लावलेले. खालच्या माणसाने कितीही हाका मारल्या तरी शेजाऱ्याला ऐकू येऊ नयेत. मी बाजूलाच राहतो. मला नाही ऐकू आल्या. ते मी माझ्यापुरतं जपून ठेवलंय.

दहाच्या सुमाराला तो जिन्यावरून धावत आला. बेल वाजवली. दार ठोठावलं. आतून कडी. मी आणि तो, दोघांनी खांदे लावून दार फोडलं.

रमाबाई हॉलमध्ये, फोनच्या तिवईपाशी जमिनीवर. पाय विचित्र मुडपलेला. तिवई ओढून पाडलेली. रिसीव्हर कानाला. मुठीत इतका घट्ट, की बोटं सोडवताना…

असो.

डॉक्टर आले. म्हणाले, खुब्याचं हाड मोडलंय. रात्री साडेनऊ-पावणेदहाला पडल्या असाव्यात. जीव गेला पहाटे. "कोणी दोन-तीन तासांत आलं असतं तरी वाचल्या असत्या." ओठांवर पांढरी पुटं होती. डॉक्टर म्हणाले, तहानेने कोरड पडली असेल.

तो टेलिफोन नव्या पद्धतीचा होता. केलेले नंबर, वेळ, सगळं त्यावर दिसायचं. श्रीपादने बटण दाबलं. त्याचाच नंबर. नऊ चाळीस. पुढचा, त्याचाच. पुढचा, त्याचाच. अकरा वेळा. शेवटचा बाराला दहा कमी असताना.

आणि प्रत्येक फोन लागलेला होता. कुणीतरी उचललेला. प्रत्येकाची लांबी एकच.

पाच मिनिटं.

"शक्य नाही," श्रीपाद म्हणाला. "काका, माझा फोन वाजलाच नाही. हा बघा. यात काही नाही." खरंच काही नव्हतं.

तेवढ्यात त्याचा तोच फोन वाजला. साताऱ्याहून मधुमती. तिला अजून काही कळवलेलं नव्हतं. ती चिडलेली. आवाज मलाही ऐकू येत होता.

"काय लावलं होतंस रे रात्री? तीन वेळा फोन केला. तीनही वेळा उचललास, आणि तेच. मी मधू बोलतेय म्हटलं तरी तेच. प्यायला होतास का?"

"मी… काय म्हणालो?"

"काय म्हणजे? 'बस पाँच मिनट, माँजी.' तुझाच आवाज. मी माँजी आहे का तुझी?"

त्याच्या हातून फोन पडला.

मग मला कळलं, ती बिचारी रिसीव्हर कानाला लावून का पडून राहिली. मुलाचा आवाज होता. मुलगा पाच मिनिटं म्हणाला होता. ती धरून राहिली. पाच मिनिटं झाली की पुन्हा लावायची. पुन्हा पाच मिनिटं. अकरा वेळा.

काका थांबले. खाली कुठेतरी जनरेटर सुरू झाला आणि बंद पडला. प्रणिताने संकल्पचा हात धरला होता.

"मग?" तिने हळूच विचारलं.

मग काय. संध्याकाळी सगळं उरकून आम्ही परत आलो. तो हॉलमध्ये भिंतीला टेकून बसला. मी तिवई उचलून जागेवर ठेवायला वाकलो. तिच्यामागे, रमाबाईंचं डोकं होतं त्या जागी, एक मातीची वाटी होती. बिनभाजलेली, ओबडधोबड, हाताने केलेली. तसलं भांडं त्या घरात कधी नव्हतं. आतून कडी होती. खिडक्या बंद होत्या. आणि मोडल्या पायाने ती बाई स्वयंपाकघरापर्यंत गेली नव्हती.

वाटीत तळाशी घोटभर पाणी उरलेलं. बाकीचं पाजलेलं.

"कुणीतरी होतं काका," श्रीपाद म्हणाला. दिवसभरात पहिल्यांदा त्याच्या तोंडावर जरा धीर दिसला. "कुणीतरी तिला पाणी दिलं. रात्रभर. तहानलेली नाही गेली ती."

मला ते तसंच राहू द्यायचं होतं. मी वाटी उचलायला गेलो. त्याने आधी उचलली. बोट बुडवलं.

जिभेला लावलं.

…

खारं होतं.