पुलावरची निळी मुलगी

मुलांनो, तुमच्यापुढे चहाचा एक पांढरा कप आहे असं समजा. त्यावर निळी नदी, नदीवर कमानीचा पूल, पलीकडे टोकं वर वळलेल्या छपराचं चिनी घर. पुलावर एक छोटी मुलगी, आणि तिच्या मागे काठ्या घेतलेले दोघं. इंग्लंडातल्या लाँगटन गावच्या त्या कपबश्यांच्या कारखान्यात चीन कुणीच पाहिला नव्हता. कुणा जुन्या कारागिराने हे सगळं मनानेच तांब्याच्या पत्र्यावर कोरलं होतं.

हेटी तिथे कात्री चालवायची. ईनॉककाका तापल्या पत्र्यावर निळा रंग चोपडून पातळ ओल्या कागदावर छाप काढायचे. हेटी तो कपाच्या मापाने कापायची आणि तिची कझायामावशी तो कोऱ्या कपावर बसवून ताठ ब्रशने घोटायची. मग कागद पाण्यात सुटायचा, चित्र कपावर राहायचं. चित्राचा जोड मात्र कपाच्या कानाआड लपलाच पाहिजे, असा तिथला नियम.

"मावशी, हे दोघं तिला कुठे नेतात गं?"

"घरी. पळून आली असेल."

"आणि तिला जायचंच नसेल तर?"

"चित्रातल्या माणसांना कोण विचारतंय? तू कात्रीकडे बघ, बाई!"

बोलण्याच्या नादात हेटीने जोडाची बाजू चुकवली. कात्री पुलावरून गेली आणि मुलगी कापली गेली. तो ओला तुकडा हेटीच्या मनगटाला चिकटला. तिने सोलून काढला, पण निळी मुलगी कातडीवर तशीच उमटून राहिली. साबणानेही निघेना.

पुढच्या छापात पुलावर दोघंच होते.

ईनॉककाकांनी पत्रा उजेडात धरला. मुलगी कोरलेली होती तिथलं तांबं गुळगुळीत झालं होतं. "हा पत्रा माझ्या बापाने वापरलाय," ते पुटपुटले. "तांब्यावरची रेघ अशी पुसत नाही."

त्यांनी पुन्हा छाप काढला. दोघं आता पुलाच्या अलीकडच्या टोकाला होते. एकाने काठी उगारली होती.

हेटीचं मनगट गार पडलं.

गलका ऐकून मुकादम ब्लूर आले. सगळं पाहून म्हणाले, "एवढंच ना? रंग ओला आहे. टेकव मनगट कपावर, पुलाच्या जागी. घोटलं की उतरेल. नाहीतर तू आणि तुझी मावशी, दोघी आजच फाटकाबाहेर."

हेटीने छापाकडे पाहिलं. आजवर त्या दोघांचे चेहरे बाजूने दिसायचे. आता ते समोर वळले होते.

"नाही देणार."

"कुणाला नाही देणार? अगं, डाग आहे तो!"

"डागच आहे, तर तुम्हाला हवाय कशाला?"

ईनॉककाकांना खोकल्याची उबळ आली. ब्लूर तिचं मनगट धरायला पुढे झाले, तशी मावशी ब्रश घेऊन आडवी आली.

"पोरीला हात लावायचा नाही, ब्लूरसाहेब. ओट्सच्या पिठाची धिरडी विकून पोट भरू आम्ही."

तेवढ्यात हेटीने छापातून त्या दोघांना पुलासकट कापलं आणि तुकडा पत्रा तापवायच्या शेगडीत टाकला.

जळताना केसांसारखा वास आला.

ईनॉककाकांनी आणखी एक छाप काढला. नदी होती, घर होतं. पूल नव्हता, माणूस कुणीच नव्हतं. ब्लूरनी तो कागद हातात घेतला, खाली ठेवला, आणि ते बाहेर निघून गेले.

मावशी पुढचा कप उचलायला वळली आणि तशीच थांबली.

फळीवर कोरे कप ओळीने मांडलेले होते. त्यांना अजून कागद लागला नव्हता. तरी प्रत्येकावर बारीक निळे ठिपके होते. पावलांसारखे. दोघांच्या पावलांसारखे.

ओळ हेटीच्या जागेपाशी संपत होती.

हेटीने बाही मनगटावर ओढली, बटण लावलं, स्टूल फळीकडे फिरवलं आणि कात्री उघडून बसली.