वाघूळ चालू आहे

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझं बोट एका लाल बटणावर होतं आणि तो ओरडत होता. माझ्या नावाने नाही, नाव त्याला माहीत नव्हतं. नुसताच ओरडत होता.

"हात काढा! हात... हां. आता हळूच मागे या."

जणू मी गच्चीच्या कठड्यावर उभी होते. प्रत्यक्षात मी आमच्या संस्थेच्या तळघरात, फ्रीजएवढ्या एका संगणकासमोर उभी होते. वर माझी स्क्रीन अर्ध्या तासापासून गोठली होती, म्हणून हे धूड बंद करून पुन्हा चालू करायला आले होते. घरचा पंखा, मिक्सर, टीव्ही, सगळं मी असंच दुरुस्त करते.

"यावर काय चालू आहे, माहितीय?" त्याने विचारलं. या यंत्राची देखभाल त्याच्याकडे होती.

"काहीच नाही. तेच तर सांगायला आलेय."

'मला काही झालेलं नाही' म्हणणाऱ्या पेशंटकडे डॉक्टर बघतात, तसं त्याने माझ्याकडे पाहिलं. मग शेजारच्या काळ्या स्क्रीनवर तीन अक्षरं टाईप केली. टी, ओ, पी. एंटर.

आणि काळोखातून ओळी उगवल्या. एकीखाली एक, स्क्रीन भरून. दर तीन सेकंदांनी सगळ्या जागा बदलत होत्या. कुणी वर सरकत होतं, कुणी गुपचूप खाली जात होतं.

"हे सगळं... आत्ता चालू आहे?"

"आत्ता. तीनशे बारा कामं."

मी अकरा महिने हा संगणक वापरत होते. मला वाटायचं, आत मी एकटीच आहे.

"आणि ओळीओळीत हा 'एस' कसला?"

"झोपलंय म्हणून. बहुतेक सगळी झोपलेलीच असतात. हाक आली की उठतात, काम करतात, परत झोपतात."

"आमच्या मजल्यावरही असंच आहे."

"हाक आल्यावर उठतात?"

"नाही."

"मग तसं नाही," तो गंभीरपणे म्हणाला. "प्रत्येकाला एक नंबर असतो. आणि एक पालक. पालक आधी गेला, तर पोरक्याला हा एक नंबरवाला दत्तक घेतो."

"लगेच?"

"लगेच. अर्ज नाही, काही नाही."

बसचं वेळापत्रक वाचावं अशा आवाजात त्याने हे सांगितलं. पंख्यांची घरघर, थंडगार हवा, लुकलुकणारे हिरवे दिवे... आणि मला चक्क भरून आलं. एका यंत्राच्या कौटुंबिक जिव्हाळ्याने! मी खोकल्याचं नाटक केलं.

"पण हे सगळ्यात वर कोण बसलंय? नव्व्याण्णव टक्के एकटंच खातंय. नाव काय तर... वाघूळ?" त्याने विचारलं.

"ते... माझं आहे."

मग मला सगळं सांगावं लागलं. मी वटवाघळांचे आवाज गोळा करते. अकरा महिन्यांची रेकॉर्डिंगं माझ्या प्रोग्रॅमला दिली होती. कोण कुणाला काय म्हणतंय, ते त्याने शोधायचं. पुढच्या गुरुवारी समितीपुढे निकाल ठेवायचा. नाही ठेवला, तर संशोधन बंद आणि मी दुसऱ्या गावी, मामाच्या टाइल्सच्या दुकानात. मामाने माझ्यासाठी खुर्चीसुद्धा निवडून ठेवली होती.

"म्हणजे बटण दाबलं असतंत, तर..."

"टाइल्स," मी म्हणाले.

त्याने एक ओळ टाईप केली आणि वाघूळ शांतपणे यादीत खाली उतरलं. "सभ्यपणाचा आकडा वाढवला. एकोणीस. म्हणजे दुसऱ्यांना आधी जाऊ देईल, आपलं मागून करेल."

"एकोणीस म्हणजे किती सभ्य?"

"लग्नात शेवटच्या पंगतीला बसणाऱ्याइतकं."

मग एका चिठ्ठीवर त्याने मला आज्ञा लिहून दिली. आधी सगळी यादी मागायची, मग त्यातून 'वाघूळ' शोधायचं. "रोज सकाळी वरूनच बघा. ओळ आली, तर चालू आहे. खाली यायची गरज नाही."

मी रोज सकाळी वरून बघायचे. ओळ यायची. आणि मग ओळ आली हे सांगायला मी खाली जायचे.

"चालू आहे," मी म्हणायचे.

"अरे वा," तो म्हणायचा, जणू ही बातमी त्याला माझ्याकडूनच कळत होती. तळघराच्या एकोणतीस पायऱ्या होत्या. उतरताना बाराच वाटायच्या.

सोमवारी सकाळी नऊला मामाचा फोन आला. खांद्याने फोन कानाला दाबून मी आज्ञा टाईप करत होते, आणि हातून 'वाघूळ'च्या जागी 'मामा' लिहिलं गेलं.

ओळ आली.

मामा चालू होता! हे खरंही होतं. फोनवर तो दहा मिनिटं चालूच होता, आणि तसाही तो पहिल्यापासून चालूच आहे. पण संगणकाला हे कसं कळलं? मी फोन ठेवला. 'टाइल्स' शोधलं. चालू. 'बटाटा' शोधलं. तोही चालू. दोन मिनिटं मी हात जोडायच्या बेतात होते. या यंत्रात अवघं विश्व चालू आहे, बटाट्यासकट!

मग डोक्यात उजेड पडला. शोधणं हेही एक कामच. ते काम स्वतःही यादीत दिसतं, आणि त्याच्या ओळीत तो शब्द असतोच. म्हणजे शोधणारी ओळ स्वतःलाच सापडत होती. वाघूळ जिवंत असतं, तर दोन ओळी यायला हव्या होत्या; रोज किती यायच्या, ते मी कधी मोजलंच नव्हतं. मी 'वाघूळ' शोधलं.

एक ओळ.

कधी मेलं? किती राहिलं होतं? गुरुवार तीन दिवसांवर... मी निकालाचं फोल्डर उघडलं, आणि तिथे फाइल होती. पूर्ण. सात वाजून अकरा मिनिटं, आजचीच सकाळ. वाघूळ मेलं नव्हतं. काम संपवून, कुणाला न सांगता, यादीतून उठून गेलं होतं. शेवटच्या पानावर माझ्या वस्तीतल्या त्रेचाळीस माद्या होत्या, आणि प्रत्येकीची आपल्या पिलाला बोलवायची हाक निराळी होती. मी ते पान कितीतरी वेळ नुसती बघत राहिले.

नाचत पायऱ्यांकडे धावले. सातव्या पायरीवर थांबले. काम संपलं होतं. म्हणजे खाली यायचं कारणही... तरी उरलेल्या बावीस पायऱ्या उतरले.

"चालू आहे?" त्याने विचारलं.

"चालू आहे," मी म्हणाले.

त्याने मान वळवून स्क्रीनकडे पाहिलं. पूर्ण यादी त्याच्यासमोर होती.

"हो," तो म्हणाला. "दिसतंय."

मंगळवारी हेच. बुधवारीही हेच. मला वाटलं, बिचाऱ्याचं लक्ष नसेल.

गुरुवारी समितीने तीन वर्षं वाढवून दिली. एक परीक्षक तर त्रेचाळीस हाका ऐकून चष्मा पुसायला लागले. मी तळघरात पोचले तेव्हा धाप लागली होती.

"मंजूर!"

"अभिनंदन." तो हसला नाही. "पण काम तर अजून चालू होतं ना? मग निकाल आणलात कुठून?"

"तुम्हीच यादी बघून 'दिसतंय' म्हणालात!"

"सोमवारी सात अकराला संपलं. मी इथेच होतो. टाळ्या वाजवल्या. एकट्याने."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"नऊला तुम्ही आलात, तेव्हा सांगायला उठलोच होतो. तेवढ्यात तुमच्याकडून कुणीतरी मामा शोधला. मग बटाटा. मग तुम्ही फाइल उघडलीत. इथे सगळं दिसतं."

माझे कान तापले. "म्हणजे मी खोटं बोलतेय, हे तुम्हाला..."

"तीन दिवस."

"तुम्ही भलतेच चालू निघालात! आणि तरी 'दिसतंय' म्हणालात?"

तो कीबोर्डवरची नसलेली धूळ झटकत राहिला. तीनशे कामं त्याच्यामागे वर-खाली होत होती.

"मला वाटलं... तुम्ही म्हणताय, तर असेल काहीतरी चालू. माझ्या यादीत न दिसणारं."

मी एका अख्ख्या यंत्राच्या पोटात डोकावून आले होते, पण असा श्वास तिथेही अडकला नव्हता.

"आहे," मी म्हणाले. "चालू आहे... खरंच."

तो उठला. शेजारच्या खुर्चीवरचा वायरींचा गुंता दोन्ही हातांनी उचलून त्याने जमिनीवर ठेवला, आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

"बस ना," तो म्हणाला.

बसा नव्हे. बस.