सिमेंटवरचा पाऊस

"काजळी आली! चादरी उचला!"

भोंगा ओरडला की अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं. उगाच का त्याचं नाव भोंगा पडलं होतं! भिंगरी खेळ टाकून गच्चीभर धावत सुटली. तिच्या आईची लॉन्ड्री होती आणि दोऱ्यांवर दवाखान्याच्या पांढऱ्याशुभ्र चादरी वाळत होत्या. पण उशीर झालाच! रबराच्या कारखान्याच्या चिमणीतून काळा लोट निघाला आणि बघता बघता चादरींवर मिरपूड भुरभुरावी तसे ठिपके पडले.

"झालं! पुन्हा पहिल्यापासून!" आईने कपाळाला हात लावला.

जिन्यात भिंगरीचा धाकटा भाऊ पिटू खोकत बसला होता. खोकून खोकून बिचाऱ्याला बोलायलाही श्वास पुरत नव्हता. आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रविवारी मामा येतोय. पिटू आता त्याच्या गावीच राहील. शाळासुद्धा तिकडेच."

"म्हणजे कायमचा?" भिंगरी किंचाळलीच.

"मी काय हौसेने पाठवतेय का गं?" आई म्हणाली. "या धुरात त्याचा खोकला थांबतच नाही!"

पिटू म्हणजे भिंगरीच्या डोक्याला ताप! तिचे रंग पळवायचा, तिच्या चुगल्या करायचा. पण शेजारची खाट रिकामी दिसणार, या कल्पनेनेच तिला रडू फुटलं. मग तिला रागच आला.

"तुम्ही मोठी माणसं काही करत का नाही?"

"केलं की! बागेत सभा घ्यायला निघालो, तर हवालदार म्हणाले, जमायचं नाही, घोषणा नाहीत, फलक नाहीत. बागेतलं हवा मोजायचं यंत्र हिरवा दिवा दाखवतंय ना! हवा स्वच्छ आहे म्हणे, आणि आपण खोटारडे!"

भिंगरीने हातातल्या चादरीकडे पाहिलं. हवा स्वच्छ? मग हे काय आभाळातून तीळ पडताहेत?

दुसऱ्या दिवशी दुपारी चौकडी बागेत हजर! भिंगरी, भोंगा, जाड चष्म्याची दुर्बीण आणि नको नको म्हणताना मागे लागलेला पिटू. बागेच्या कोपऱ्यात सिमेंटच्या चौथऱ्यावर खांब, खांबावर यंत्र आणि त्याच्या डोक्यावर ऐटीत हिरवा दिवा.

"आता चिमणीकडे लक्ष ठेवा," भिंगरी कुजबुजली.

चिमणीने काळा धूर ओकायला सुरुवात केली आणि त्याच क्षणी फुस्स करून यंत्राशेजारचा फवारा सुरू झाला! धुक्यासारखं बारीक पाणी खांबाभोवती उडू लागलं. भोंगा नखशिखान्त भिजला.

"अय्या, कारंजं!" दुर्बीण हसली आणि लगेच थबकली. "थांबा! इथे ना झाड, ना गवत. सिमेंटला पाणी कोण घालतं? आणि नळी बघा, थेट कारखान्याच्या भिंतीतून आलीय!"

बाकावर पेंगणाऱ्या रखवालदाराला त्यांनी हलवून विचारलं. "मला काय ठाऊक? मॅनेजरसाहेबांनी बसवलाय, बागेच्या शोभेसाठी," तो जांभई देत म्हणाला. "शनिवारी हवेच्या तपासणीच्या बाई येणार, तोवर त्याला हात लावू नका!"

"पण शोभेचा फवारा धूर निघाल्यावरच कसा सुरू होतो?" भिंगरीने डोकं खाजवलं.

पिटू फवाऱ्याजवळ उभा राहून मोठ्ठा श्वास घेत होता. "ताई, इथे बरं वाटतंय! पाऊस पडून गेल्यावर वाटतं ना, तसं. या यंत्रालाही बरंच वाटत असणार!"

"पिटू!" भिंगरीने त्याला उचलूनच घेतलं. "पाणी काजळीला खाली पाडतं! यंत्रापुरता पाऊस पाडताहेत, लबाड कुठले! आणि आपण मात्र कोरडे!"

"आत्ताच ओरडून सगळ्यांना सांगतो!" भोंग्याने छाती फुगवली.

"गप रे! फवारा लपवतील आणि हात वर करतील. बाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी बघायला हवं." भिंगरी विचार करकरून गिरक्या घेऊ लागली आणि एकदम थांबली. "सभेला परवानगी लागते. धुणं वाळत घालायला लागते का?"

शनिवारी बागेच्या कुंपणाला दोऱ्याच दोऱ्या! भिंगरीच्या आईने पहिली चादर टाकली आणि मग गल्लीतलं घर न् घर ओल्या, पांढऱ्या चादरी घेऊन उतरलं. हवालदार धापा टाकत आले.

"हा मोर्चा कुणी काढला?"

"मोर्चा कुठाय, काका? धुणं आहे!" दुर्बीण साळसूदपणे म्हणाली.

"एवढं?"

"सुट्टी आहे ना! साठलं होतं!"

हवालदारांनी मिशीवरून हात फिरवला आणि त्यांना हसू आवरेना. तेवढ्यात तपासणीच्या बाई आल्या, सोबत इस्त्रीच्या कपड्यांतला मॅनेजर. "बघा मॅडम, कायम हिरवा दिवा!" तो म्हणाला. चिमणीतून लोट निघाला, फवारा फुसफुसला. भिंगरी आणि भोंगा याचीच वाट बघत होते! झटकन त्यांनी फवारा आणि यंत्र यांच्यामध्ये दोरी ताणली आणि तिच्यावर जाडजूड ओली चादर टाकली. सगळं पाणी चादरीवरच अडलं.

"ए पोरांनो! काढा ती चादर!" मॅनेजर धावला.

"का हो? वाळतेय ती," भिंगरी म्हणाली. पण तिची नजर दिव्यावरच खिळली होती. दिवा पिवळा तरी होईल का? नाही झाला तर उद्या मामा...

"काढ म्हणतो ना! फवारा अडतोय यंत्राचा!"

"यंत्राचा?" बाई गर्रकन वळल्या. "यंत्राला फवारा कशाला लागतो? चादरीला हात लावायचा नाही!"

कुंपणावरच्या चादरी ठिपक्याठिपक्यांनी काळवंडू लागल्या. हिरवा दिवा विझला. पिवळा लागला. आणि मग...

"लाऽऽऽल!" भोंग्याची आरोळी पार चौकापर्यंत गेली.

त्यापुढे मॅनेजरची अशी बोबडी वळली की विचारू नका! पैसे वाचावेत म्हणून धूर गाळणारी यंत्रणा बंदच ठेवली होती, हे त्याने तिथेच कबूल केलं. बाईंनी कारखान्याची भट्टी बंद करायला लावली. यंत्रणा नीट चालल्याशिवाय ती पेटणार नव्हती.

"या धुराने माणसंही गुदमरतात आणि उन्हाळेही तापतात," त्या म्हणाल्या. "मुलांनो, शाबास! आमच्या यंत्रापेक्षा तुमच्या चादरी खऱ्या निघाल्या. आणि हवालदार, आपल्या श्वासाबद्दल बोलायला या लोकांना अडवायचं कशासाठी?"

"चुकलंच, मॅडम," हवालदारांनी टोपी काढली. "सभा हवी तेव्हा घ्या. सतरंज्या मी आणतो."

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला!

रविवारी मामा आला, तेव्हा आकाश लख्ख होतं. पिटूची बॅग दाराशीच होती. आईने ती उघडली, त्याचे सगळे सदरे बाहेर काढले आणि भिंगरीच्या हातात ठेवले.

"जा, ठेव परत कपाटात. आणि मग भोंग्याला, दुर्बिणीला हाक मारून चौघंही खाली या. गल्लीभरच्या चादरी काळ्या केल्यात, त्या धुणार कोण?"

"मी! मी!" पिटू ओरडत जिना उतरला, एकदाही न थांबता, एकदाही न खोकता.