जार्कीनला हवी होती सोबत

शेजारच्या सोनुन आपांची लेक जार्कीन वारली, म्हणून कणकेचे बोर्सोक तळले, गाठोडं बांधलं आणि दुपारी त्यांच्या अंगणात जाऊन बसले. शेजारधर्म, दुसरं काय? रडू यावं इतकी ती माझी कधीच नव्हती.

माझं नाव उलबोलसुन. म्हणजे 'मुलगा होवो'. लागोपाठ मुलीच झाल्यावर बापानं अल्लाकडे केलेली तक्रार ती! शाळेत रोझा रोज विचारायची, "काय गं, झाला का मुलगा?" सगळ्या खिदळायच्या. जार्कीन आधी सगळ्यांची तोंडं बघायची, मग हसायची. एकदा बर्फात त्यांनी मला मेंढ्यांच्या गोठ्यात कोंडलं, तेव्हा कडी हिनंच लावली. रोझाचं मला आता काही वाटत नाही. तिचा दुष्टपणा निदान तिचा स्वतःचा होता. हिचा तोही उसना!

अंगणात नमद्याचा, जाड लोकरी कापडाचा तंबू उभारला होता. आत पडद्यामागे प्रेत. प्रेत असेतो तिथं चूल पेटवत नाहीत. हाडं गोठवणारी थंडी, ओल्या लोकरीचा वास, धुपासारख्या जाळलेल्या आर्चा झाडाच्या फांद्यांचा धूर. भिंतीकडे तोंड करून आम्ही बायका हेल काढून रडत होतो. थांबलो... आणि पडद्यामागून एक हेल आला. जरा उशिरा.

कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

"वारा आहे," सोनुन आपा पुटपुटल्या. मग त्यांनी माझा हात धरला. "उचलायची वेळ झाली, पोरी. सगळ्यांनी माफ केलंय तिला. तुझंच राहिलंय. नाही म्हणालीस तर ती जायची नाही गं... इथंच घुटमळेल."

"तिनं कधी मागितली माफी?"

"लहान होती गं. सगळ्या करायच्या म्हणून करायची. एकटी पडायची भीती..."

"आणि मी? मी कितीजणींत होते, आपा?"

आपा रडायला लागल्या. तेवढ्यात पडदा हलला. आणि माझ्या कानाशी, अगदी कानाशी, कुणीतरी कुजबुजलं, "नको... माफ नको करूस... मग मला एकटीला जावं लागेल..."

अंगावर सर्रकन काटा आला, खोटं कशाला सांगू? पण भीतीपेक्षा किळस जास्त आली. मेल्यावरही घोळकाच हवा हिला!

"केलं माफ," मी मोठ्यानं म्हणाले. "नीघ आता."

आपांनी माझे हात डोळ्यांना लावले. बिचारीला वाटलं, मी दया केली.

पुरुष आत आले. जनाजा उचलला... आणि माझ्या मानेला हिसका बसला. माझ्या डोक्यावरच्या रुमालाचं टोक कफनात होतं, पायाशी बांधलेल्या गाठीखाली, घट्ट. मी पडद्यापलीकडे गेलेच नव्हते! गाठ कुणाला सुटेना. शेवटी बायकांनी रुमाल कात्रीनं कापला आणि तो तुकडा तिच्याबरोबर मातीत गेला.

तेव्हापासून चालताना मान मागे ओढली जाते. हळूच, पदर धरून पोर मागं यावं तशी. मी वळून बघत नाही. तेवढीसुद्धा सोबत तिला माझ्याकडून मिळायची नाही.