ऑस्ट्रेलियाला गेलेली ओन्दिना

“डॉक्टर, एखाद्याला भूत दिसत असेल, तर तुम्ही गोळी त्याला देता की भुताला?”

अख्खा वर्ग खदाखदा हसला.

प्रश्न खरं तर नेव्हियाचा नव्हताच. मेत्का आणि अरियाना या तिच्या दोन मैत्रिणींनी तिला डिवचलं होतं. “विचारून दाखव! नाहीतर तू भित्री भागुबाई.” गेल्या वर्षीपर्यंत नेव्हिया हजेरीला ‘हजर’ म्हणतानाही लाल व्हायची. पण या वर्षी ती शाळेच्या नाटकात उभी राहिली, तिने टाळ्या घेतल्या, आणि तेव्हापासून तिचा हात सगळ्यांत आधी वर जायचा.

तुम्हीही हसा हवं तर. पण पुढे जे झालं, ते खरं आहे. अक्षर न् अक्षर खरं.

इटलीतलं ट्रिएस्ते शहर. फेब्रुवारीतला दुसरा गुरुवार. आणि मध्यरात्र वगैरे नाही हं... दुपारचे सव्वातीन. लख्ख उजेड. भर शाळेत.

म्हणून तर जास्त भीती वाटते.

नेव्हियाची शाळा टेकडीवरच्या मोठ्या बागेत आहे. पूर्वी तिथे वेड्यांचं इस्पितळ होतं. मग एक दिवस फाटकं उघडली, माणसं आपापल्या घरी गेली, बागेत गुलाब लागले आणि रिकाम्या इमारतींत वर्ग भरू लागले. एका इमारतीत मात्र अजून आजारी माणसं येतात. आठ खाटा, एकाही दाराला कुलूप नाही, कॉफीचं मशीन दिवसभर चालू. डॉक्टर कोसिना तिथल्याच. त्या दिवशी वर्गात बोलायला आल्या होत्या.

त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, “गोळी भुताला देता आली असती तर बरं झालं असतं गं. भुतं निदान वेळेवर तरी घेतील.”

पुन्हा हशा.

“पण मी भुताबद्दल आधी विचारतच नाही. झोपतोस का, विचारते. जेवतोस का? हे कधीपासून? दारू, गांजा काही? मग रक्त तपासते, कारण नुसत्या थायरॉइडनेही माणूस भलतंच वागायला लागतो. खूप वेळ बोलत बसते. या आजारांचं एकच एक कारण नसतं. थोडं घराण्यातून येतं, थोडं अंगावर पडलेल्या दिवसांतून. कुणाची चूक नसते. म्हणून शेवटी विचारते, घरात आधी कुणाला असं झालं होतं का?”

त्यांनी वर्गावर नजर फिरवली.

“आणि नेमकं तिथेच लोक खोटं बोलतात. आम्ही मग चुकीचे उपचार करत बसतो.”

बाकीचे अजून मघाच्या विनोदावर हसत होते. नेव्हियाचं हसू मात्र मावळलं.

कारण त्या आठ खाटांपैकी एकीवर तिचा भाऊ होता.

दानिलो. वीस वर्षांचा. बंदरावर कॉफीच्या गोदामात कामाला. डिसेंबरपासून त्याची झोप उडाली. मग जेवण सुटलं. मग तो जिन्यात उभा राहून कुणाशी तरी हळू आवाजात बोलू लागला. कोणी बाई येते, काहीतरी विचारते, एवढंच सांगायचा. काय विचारते, ते नाही.

डॉक्टरांनी नेव्हियासमोरच विचारलं होतं, “घराण्यात कुणी?”

“आमच्यात?” पपा पटकन म्हणाले होते. “कुणीसुद्धा नाही.”

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. मग हा झोप न मिळाल्याचा एकदाच आलेला झटका असेल, म्हणाल्या. शुक्रवारी त्याला घरी सोडायचं, औषध हळूहळू बंद करायचं. घराण्यात कुणी असतं, तर त्यांनी त्याला आणखी काही आठवडे ठेवून घेतलं असतं, औषधही वेगळं दिलं असतं.

शुक्रवार म्हणजे उद्या.

*

तास संपल्यावर तिघी तळघरात गेल्या. शाळेनेच दिलेलं काम होतं. जुन्या इस्पितळात भरती झालेल्या माणसांचे कपडे तेव्हा गाठोड्यात बांधून ठेवत. बरा होऊन निघालास की तुझं गाठोडं तुला परत. जे कधी निघालेच नाहीत, त्यांची गाठोडी तिथेच राहिली. फडताळांवर, ओळीने. प्रत्येकाला पत्र्याचा बिल्ला. मुलींनी नुसतं नाव, नंबर आणि वर्ष वहीत उतरवायचं होतं. उघडायचं नाही, अशी सक्त ताकीद होती.

“ई, काय कुबट वास!” अरियाना म्हणाली. “मी वर जाऊन दुसरी वही आणते.”

“पळाली बघ!” मेत्का ओरडली.

बाहेर बोरा सुटला होता. समुद्राकडे धावत सुटणारा तो वारा एकदा पेटला की शहरात कुणाला कुणाचं ऐकू येत नाही. खिडक्यांची तावदानं थडथडत होती. दोघी नंबर ओरडून सांगत होत्या.

आणि वारा थांबला...

एकदम. कुणीतरी दार लावून घ्यावं तसा.

शांतता.

मग... पावलं.

अनवाणी. ओली. फरशीवर चप, चप, चप.

नेव्हियाच्या मागून आली... आणि मागेच थांबली.

“अहो बाई... माझे बूट कुठे ठेवलेत हो?”

आवाज तरुण होता. अगदी नम्र. कानाशी.

नेव्हिया गर्रकन वळली.

कुणी नव्हतं.

“मेत्का... तू बोललीस?”

“काय?”

“बूट.”

“कसले बूट? ए, नाटक पुरे हं! मला घाबरवायला बघते.”

“तुला पावलं नाही ऐकू आली?”

“वारा पडला, एवढंच ऐकू आलं.” मेत्काने तिच्याकडे नीट पाहिलं. “नेव्हिया, तू पांढरी पडलीयेस.”

नेव्हियाच्या हातात एक गाठोडं होतं. कधी उचललं, तिला आठवेना. तिने बिल्ला उजेडाला धरला.

पेर्तोत, ओन्दिना. १९५६.

“अय्या, तुझंच आडनाव!” मेत्का म्हणाली.

पेर्तोत खंडीभर असतील. पण ओन्दिना पेर्तोत एकच होती. तिच्या आजोबांची, नोन्नो सिल्व्हानोंची धाकटी बहीण. घरात दर नाताळला तिचा विषय निघायचा. एकोणीस वर्षांची ओन्दिना बोटीत बसून ऑस्ट्रेलियाला गेली, धक्क्यावरून नोन्नोंनी रुमाल हलवला, तिकडे तिने कांगारू पाळला असेल, म्हणून सगळे हसायचे.

ऑस्ट्रेलिया.

आणि तिचं गाठोडं मात्र इथे. टेकडीवर. घरापासून बसने अकरा मिनिटांवर.

सुतळी कुजलेली होती. बोट लागताच तुटली. आत करडा झगा, शिंगाचा कंगवा... आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले बूट. तपकिरी, नाडीचे, लहानशा पायांचे.

“ठेव ते! नकोय मला हे!” मेत्का मागे सरली.

का कोण जाणे, नेव्हियाने एका बुटात हात घातला.

आत...

ऊब होती.

आत्ताच कुणीतरी काढून ठेवल्यासारखी.

*

ती बागेतून धावत सुटली तेव्हा बोरा पुन्हा पेटला होता. दोनदा तर तिने झाड धरलं. आठ खाटांच्या इमारतीत दानिलो बैठकीच्या खोलीत पत्ते पिसत बसला होता. एकटाच.

“काय गं वटवटे, शाळा बुडवलीस?” तो म्हणाला. बऱ्याच दिवसांनी हसला. गोळ्यांनी त्याला चार रात्री झोप लागली होती.

“दानिलो, ती बाई तुला काय विचारते?”

त्याचं हसू गेलं.

“आता तूही सुरू करू नकोस.”

“सांग ना रे. प्लीज.”

तो फरशीकडे बघत अगदी हळू म्हणाला...

“बूट मागते.”

नेव्हियाने खुर्ची घट्ट धरली. तिने त्याला एक शब्दही सांगितला नव्हता.

“मला अरे-तुरे करते,” दानिलो म्हणाला. “सिल्व्हानो म्हणते. ‘अरे सिल्व्हानो, तू बाहेरच थांब हं, बूट मिळाले की आलेच.’ रोज तेच. तिला वाटतं, मीच तिला घ्यायला आलोय.”

“हे डॉक्टरांना सांगितलंस?”

“सांगितलं की. त्यांनी पपांना विचारलं. पपा म्हणाले, आजोबांचं नाव आहे, लहानपणापासून ऐकलंय, तेच डोक्यात बसलं असेल.” त्याने पत्ते खाली ठेवले. “नेव्हिया, मला भीती तिची नाही वाटत. गोळीने ती लांब जाते, मला झोप लागते. उद्या घरी गेल्यावर गोळ्या बंद झाल्या की... ती मला बरोबर घेऊन जाईल. मी जाईन गं. ती इतकं चांगलं बोलते.”

नेव्हिया डॉक्टरांना शोधायला धावली.

डॉक्टर कोसिना शहरात दुसऱ्या रुग्णाकडे गेल्या होत्या. येणार थेट सकाळी नऊला.

*

संध्याकाळी सात. घरी मम्माने जोता केला होता. घेवडा आणि आंबवलेल्या कोबीचं ते सूप एरवी नेव्हिया दोनदा घ्यायची. आज चमचा हलेना.

“ओन्दिना कधी मेली, पपा?”

पपांनी पाव मोडला. “कोण ओन्दिना? ऑस्ट्रेलियावाली? काय माहीत बाबा. म्हातारी होऊन मेली असेल तिकडे.”

“मी तिचं गाठोडं बघितलं. शाळेच्या तळघरात.”

मम्माने पपांकडे पाहिलं. “गाठोडं? म्हणजे त्या... कार्लो, काय म्हणतेय ही?”

“नावासारखी नावं असतात.”

“तिच्या बुटांत मी हात घातला, पपा.”

पपा काही बोलणार, तेवढ्यात...

वारा थांबला.

खिडकी थडथडायची थांबली. लाटांचासुद्धा आवाज येईना.

आणि जिन्यात...

चप. चप. चप.

नेव्हियाने मम्माकडे पाहिलं. मम्मा शांतपणे ताटलीत सूप वाढत होती. “जोर ओसरला वाटतं वाऱ्याचा,” ती म्हणाली.

तिला ऐकूच येत नव्हतं.

नेव्हियाने पपांकडे पाहिलं.

पपांचा चमचा हवेतच होता. डोळे दाराकडे. ओठ पांढरे.

पावलं दाराबाहेर थांबली...

“पपा,” नेव्हिया कुजबुजली, “तुम्हालाही येतं ना ऐकू?”

पपांनी चमचा खाली ठेवला.

“नोन्नोंना यायचं,” ते म्हणाले. “शेवटचं वर्षभर. रात्री उठून कपाटातले सगळे बूट दाराशी नेऊन ठेवायचे. आम्ही म्हटलं, वय झालं. मरायच्या आधी मला जवळ बोलावून म्हणाले, ‘मीच तिला तिथे सोडलं. दोन दिवसांत नेतो म्हणालो. गेलोच नाही.’ पंधरा वर्षं तिथे होती ती. तिथेच गेली. तिला काय झालं होतं, ते कुणी धड सांगितलंही नाही. रात्र रात्र जागायची, जिन्यात बोलत बसायची, एवढंच.”

“अगदी दानिलोसारखं,” मम्मा म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला. “आणि तू डॉक्टरांना सांगितलंस, कुणी नाही?”

“मग काय सांगू? आमच्या रक्तातच आहे म्हणून? उद्या बंदरावर कळलं तर पोराला कामावर कोण ठेवेल? आणि हिच्याकडे लोक कसे बघतील? आणि मी... मला दोन वर्षं ऐकू येतंय, इरेना. दोन वर्षं मी वाऱ्याचा आवाज समजून झोपायचा प्रयत्न करतोय.”

मम्माने तोंडावर हात ठेवला.

हे भूत आहे की आजार, नेव्हियाला कळेना. आजार म्हणावा, तर बुटातली ऊब कुठून आली? भूत म्हणावं, तर ते फक्त पेर्तोतांनाच का ऐकू येतं? मेत्काला नाही, मम्माला नाही. आजही याचं उत्तर कुणाकडे नाही. तिच्याकडे तर नाहीच.

पण एक गोष्ट तिला कळत होती. दानिलो त्या आवाजामागे जाईल. गोळीने तो थांबतो. आणि उद्यापासून ती गोळी बंद होत जाणार होती, एका खोट्या उत्तरामुळे.

“उद्या शुक्रवार,” पपा म्हणाले. “तो घरी येऊ दे. आपण सांभाळू. घरातली गोष्ट घरातच...”

दार करकरलं.

कडी लावलेली होती. तरी करकरलं... आणि नेव्हियाच्या खुर्चीमागची फरशी गार झाली. ओल्या कपड्यांचा वास आला. तिच्या मानेवर कुणाचा तरी श्वास होता. शांत. वाट बघत असल्यासारखा.

तिने मागे वळून पाहिलं नाही.

ती उठून उभी राहिली. टेबल दोन्ही हातांनी धरलं. आवाज फुटायला वेळ लागला, पण फुटला तेव्हा नीट फुटला.

“पपा, मम्मा, ऐका. उद्या सकाळी नऊला मी डॉक्टर कोसिनांकडे जाणार आहे. ओन्दिनाचं सांगणार. नोन्नोंचं सांगणार. पपा, तुमचंही सांगणार, आणि आज मला जे ऐकू आलं तेही. दानिलोला उद्या घरी आणायचं नाही. तुम्ही दोघं बरोबर आलात तर मला बरं वाटेल, कारण मला खूप भीती वाटतेय. पण नाही आलात... तरी मी जाणार.”