खाडीचा दिवा आणि पांगाऱ्याचा बोया

"खाली वाक, केरू! तुझी टोपी दिसतेय!"

"टोपी नाही, कॅप! मुंबईची आहे!"

"मुंबईची असो की गुहागरची, खाली घे!" हौसाने त्याचं डोकंच दाबलं.

तिघं मांडवीच्या किनाऱ्यावर उपड्या होडीआड दडली होती. हौसा, तिचा धाकटा भाऊ सदू आणि दिवाळीच्या सुट्टीत मुंबईहून आलेला आत्तेभाऊ केरू. तिघांचे डोळे समोरच्या दिव्याच्या खोपीवर खिळले होते. सूर्य टेकायला आला होता.

त्या खोपीत आवडाकाकी वर्षानुवर्षं कंदील लावत आली होती. त्या उजेडावर होड्या खडक चुकवून खाडीत शिरत. यंदा भातगिरणीच्या इंजिनावरून वीज आली आणि गिरणीचे मालक रावजीशेटनी कंदील काढून विजेचा दिवा टांगला. तेव्हापासून दिवा कधी उशिरा लागे, कधी लागतच नसे. काल तर दत्ताराम तांडेलांची होडी खडकाला घासली. दत्ताराम म्हणजे हौसाचे बाबा!

"म्हातारीला डुलकी लागते," रावजीशेटनी आज सकाळी जाहीर केलं होतं. "उद्या दुसरा माणूस ठेवतो."

हौसाला ते पटेना. भरती चुकेल, काकी चुकायची नाही!

"आली बघ!" सदू कुजबुजला.

काकी वेळेआधीच आली होती. ती खोपीत शिरताच तिघं होडीआडून धावली आणि कुडाच्या फटीला डोळे लावून उभी राहिली. बटण नव्हतंच, भिंतीच्या तळाशी प्लग खोचला की दिवा लागे. प्लग होता सुपारीएवढा, गुळगुळीत. काकीने तो उचलला. सुटला. पुन्हा उचलला, पुन्हा सुटला. यंदाच्या मोठ्या दुखण्यातून उठल्यापासून तिची बोटं मिटतच नव्हती! शेवटी तिने प्लग दातांत धरला...

"काकी, नको! शॉक बसेल!" केरू ओरडत आत धावला आणि त्याने प्लग खोचला. दिवा लागला.

काकी मात्र भडकली. "कुणी बोलावलं होतं रे तुम्हाला? कीव करायला आलात? चला, बाहेर व्हा!"

"कीव कोण करतंय गो?" हौसाही तडकली. "मला राग आलाय! तुझा नाही, हा एवढासा प्लग बसवणाऱ्याचा!"

काकीने आपले ताठ तळवे तिच्यापुढे धरले. मग म्हणाली, "बोटं माझी गेलीत, पोरी. डोळे नाहीत गेले, वेळेचं भानही नाही गेलं."

परतताना सदूने विचारलं, "मग परवा काकीने आपल्याबरोबर जाळं कसं ओढलं?"

"बोया धरून. दोन तळव्यांत..." हौसा थबकली. "सदू, मेल्या, शाबास!"

बोया म्हणजे जाळं तरंगत ठेवणारा लाकडाचा गोळा. दुसऱ्या दिवशी, इंजिन बंद असताना, त्यांनी पांगाऱ्याचा सुका बोया मधोमध चिरला, आत प्लगपुरतं कोरलं, प्लग बसवून वरून सुती दोरी घट्ट आवळली. ओढून काढायला मागे मनगट जाईल असा फासही ठेवला. गिरणीच्या दादू वायरमनने तो उलटसुलट तपासला आणि मान डोलावली. त्याच्याकडून हौसाने आणखी एक वस्तू मागून घेतली.

संध्याकाळी रावजीशेट नवा माणूस घेऊन आले. मागे निम्मी मांडवी!

हौसा दारात आडवी उभी राहिली. "शेट, आधी तुम्ही प्लग लावून दाखवा!"

"हात्! त्यात काय आहे?"

"काकीच्या हातांनी हां!" तिने त्यांच्या बोटांना सुकं फडकं गुंडाळलं आणि दादूने दिलेला, वायर नसलेला प्लग पुढे केला.

शेट वाकले. प्लग निसटला. गुडघ्यावर बसले. प्लग घरंगळत कोपऱ्यात गेला. शेट रांगत त्याच्यामागे!

"काय शेट, डुलकी लागली काय?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. एकच हशा पिकला!

तेवढ्यात काकी पुढे झाली. बोया दोन तळव्यांत धरला, खांद्याचा जोर दिला. खट्! दिवा झळकला.

समुद्रावर दत्तारामांच्या होडीने वळण घेतलं आणि खडकाला लांबूनच बगल देऊन ती आत आली. किनाऱ्याला पाय लागताच ते थेट खोपीत आले. बोया पाहून त्यांनी तिघांच्या पाठी थोपटल्या. "माझं आख्खं आयुष्य बोये बांधण्यात गेलं. हे नाही सुचलं रे पोरांनो!"

रावजीशेट फडकं सोडवत दारात उभे होते. "बरं, आवडाबाई. दिवा तुमच्याकडेच राहू दे."

"राहणारच," काकी म्हणाली. "आता दारातून बाजूला व्हा, शेट. उजेड अडतोय."