तीन वेळा एक्याण्णव

"पौर्णिमाताई, एकही नंबर लागून नाई राह्यला!" आर्वीच्या रक्तपेढीतले रामाजी फोनवर ओरडत होते. "इकडे बाळंतीण टेबलावर हाय. रक्तदात्यांची यादी उघडली, तर ज्याले लावतो त्याचा नंबर चुकीचा!"

पौर्णिमाने यादी उघडली. प्रत्येक नंबराआधी ९१ होतं. त्याच्याआधी ९१. आणि त्याच्याही आधी पुन्हा ९१.

पौर्णिमा काम करायची त्या वर्ध्याजवळच्या नालवाडीतल्या छोट्याशा कंपनीने ही यादी सांभाळायला घेतली होती. कालच ती नव्या डेटाबेसवर नेली होती. हा नवा गडी वर्धा, नागपूर आणि पुणे अशा तीन ठिकाणच्या यंत्रांत मिळून नांदायचा. नेताना प्रत्येक नंबराआधी देशाचा ९१ लावायचा होता. एकदाच. तो लावायची आज्ञा, म्हणजे संगणकाला द्यायच्या सूचना, लिहिली होती मोनालीने. पोरगी नवीन, पहिलीच नोकरी.

"मोनाली, हे तुझं काम हाय," पौर्णिमा सगळ्यांसमोर म्हणाली.

"ताई, मी एकदाच लावलं."

"यादी तर तीनदा म्हणते."

तिकडे रामाजी स्वतः गाडी काढून एका रक्तदात्याच्या घरी गेले, त्याला मागे बसवून घेऊन आले. बाई वाचली, पण थोडक्यात.

दुपारपर्यंत नंबर दुरुस्त झाले. रक्तपेढीने मात्र विचारलं, चूक कोणाची? कंपनीचे मालक विवेकभाऊ म्हणाले, "संध्याकाळी मोनालीले नारळ देऊ. तोवर तू पुरावा काढून ठेव." असा डाग घेऊन बाहेर पडलेल्या पोरीला वर्ध्यात दुसरं कोण उभं करणार होतं?

पुरावा काढायला म्हणून पौर्णिमाने मोनालीची आज्ञा उघडली. तिने ती वाचली आणि आपल्या मशीनवर चालवून पाहिली. नंबराआधी ९१ लागलं, फक्त एकदा.

म्हणजे पोरगी खरं बोलत होती. न वाचताच आपण तिला चारचौघांत उभं केलं, हे पौर्णिमाला आता टोचू लागलं. आज्ञा बरोबर होती, पण ती तीनदा चालली होती. मग ती तीनदा चालली कशी?

तिने शेजारच्या टेबलावरच्या निशांतला गाठलं.

"काल आज्ञा तुम्ही तिघांनीच चालवली ना?"

"मंग! आम्ही तिघांनीच. नेहमीसारखी."

ही त्या ऑफिसची रीत. नवं काम सुरू करताना पौर्णिमा नारळ फोडायची आणि विवेकभाऊ, निशांत आणि तिसरं जे कोणी असेल ते, आता मोनाली, आपापल्या मशीनवर एकाच वेळी बटण दाबायचे. सगळ्यांचा हात लागला पाहिजे, हा विवेकभाऊंचा हट्ट. इतकी वर्षं चाललं, कधी काही बिघडलं नाही.

"आतापर्यंत काऊन नाई बिघडलं?" पौर्णिमाने विचारलं.

"यादी हलवायचं ते मायग्रेशनचं टूल कुलूप लावते ना, ताई! पहिला आत गेला का बाकीचे दोघं दाराशी थांबते. कुलूप उघडलं का पाह्यते, काम तर होऊन गेलं. मंग वापस."

"आणि काल?"

निशांतने डोकं खाजवलं. "काल कोणी थांबलं नाई वाटते. माझ्या मशीनवर तर लगेच 'काम झालं' आलं."

ती विवेकभाऊंच्या केबिनमध्ये गेली.

"भाऊ, तुमच्या मशीनवर काल काय आलं होतं?"

"काम झालं, असं."

"लगेच?"

"लगेच. काऊन?"

"ते टूल नव्या डेटाबेसवर कुलूप लावते काय?"

"मले काय विचारते? किती दिवस ते टूल त्या डेटाबेसले जोडल्याच जात नव्हतं. तूच तर एका दुपारी जोडून देल्लं. पेढे नाई का वाटले आपण?"

पौर्णिमा जागेवर येऊन बसली. जोडणीच्या सेटिंगमध्ये एक ओळ होती: कुलूप मागू नको. ती ओळ कोणी बदलली त्याचं नाव शेजारीच असतं. ते पाहायची गरज नव्हती. तरी तिने पाहिलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तशी गत. पण कळसा असा जड असेल हे तिला ठाऊक नव्हतं. ती ओळ परत बदलायची आणि मोनालीला जाऊ द्यायचं. एवढं केलं की आपण सुटलो. तिचा हात बटणापर्यंत गेला. तिला स्वतःची किळस आली आणि तिने तो मागे घेतला.

संध्याकाळी सगळे जमले. मोनाली पर्स खांद्याला लावूनच उभी होती.

"आज्ञा बरोबर होती," पौर्णिमा म्हणाली. "बटण तिघांनी दाबलं, तेही नेहमीचंच. टूल जुन्या डेटाबेसकडे कुलूप मागायचं आणि तो द्यायचा. नव्याले त्या जातीचं कुलूप माहीतच नाई. म्हणून टूल अडून बसलं, जोडणी होईना. तेव्हा एका माणसानं टूलले सांगतलं, कुलूप मागूच नको. जोडणी झाली. काल दार सताड उघडं होतं. तिघंही आत शिरले आणि तिघांनीही ९१ लावलं."

"कोण तो माणूस?" विवेकभाऊंनी विचारलं.

"मी."

विवेकभाऊ हळूच म्हणाले, "हे बाहेर काऊन सांगायचं? नवीन पोरीची चूक लोक माफ करते. तुझं नाव गेलं तर कंपनीचं जाईन."

"चोर सोडून संन्याशाले फाशी द्यायची काय, भाऊ?"

"मले दुपारीच दिसलती ती ओळ," मोनाली मध्येच म्हणाली. "तुमचं नाव बी दिसलं, ताई."

"मंग बोलली काऊन नाई?"

"सकाळी बोलली होती ना. कोणी ऐकलं काय?"

पौर्णिमाने आर्वीला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा टेबलावर ठेवला.

"रामाजी, चूक माझी होती. मोनालीची नाई."

रामाजींनी विचारलं, "बाळंतिणीचा नवरा इथंच बसून हाय. त्याले काय सांगू?"

"हेच सांगा. नाव घेऊन सांगा," पौर्णिमा म्हणाली. "नाईतर फोन त्यायच्याच हातात द्या."